अर्थिंगच्या खड्ड्यावरच्या मुंग्या

१

मंगळवारी सकाळी पावणेअकराला श्रेया कुरियरवाल्याला वाटेला लावून आतल्या खोलीत आली, तर ऋषिराज बोराटे टेबलावर ओणवा पडलेला होता. उजवा हात कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटवर, डाव्या मनगटाला निळा पट्टा. तिला वाटलं, पडलेला स्क्रू शोधतोय. दोनदा "दादा" म्हणून हाक मारली, तिसऱ्यांदा तोंडातून आवाज निघाला नाही. पोरीला एवढं मात्र सुचलं, की अंगाला हात लावण्याआधी तिनं मेन स्वीच पाडला. नाहीतर बारामतीच्या भिगवण रस्त्यावरच्या त्या दुकानातून त्या दिवशी दोन मढी बाहेर निघाली असती.

विजेनं माणूस गेला की पोलिसांच्या मागोमाग विद्युत निरीक्षकाला यावं लागतं. बुधवारी पुण्याहून वृषाली शेंडकर आल्या. पंचेचाळिशीच्या बाई, सुती साडी, खांद्याला मीटरची पिशवी, आणि समोरच्याचं बोलून झालं तरी त्याच्याकडे बघत राहायची एक वाईट खोड. त्या नजरेनं भलेभले गडबडायचे आणि नको ते बोलून बसायचे.

फौजदारांना घरी जायची घाई होती. "मॅडम, कारागीर माणूस, शॉक लागला. तुम्ही अपघात लिहा, मी सही करतो. पण हा पट्टा कशाला बांधतात, तेवढं सांगा. रिपोर्टात लिहावं लागेल."

"उन्हाळ्यात हवा वाळली की नुसतं चाललं, खुर्चीवर सरकलं, तरी अंगात वीज साठते," वृषालीबाई म्हणाल्या. "आपल्याला पत्ता नसतो. त्या हातानं मदरबोर्डला शिवलं की आतलं काहीतरी जळतं. कधी लगेच बंद पडतो, कधी दोन-तीन महिने चालून मग दगा देतो. म्हणून मनगटाला पट्टा, पट्ट्याला ही वेटोळ्याची वायर आणि वायरीचं दुसरं टोक अर्थिंगला. अंगातली वीज गुपचूप जमिनीत जाते."

"म्हणजे माणूस जमिनीला बांधला गेला. मग चुकून फेजच्या जिवंत तारेला शिवला तर?"

"फौजदार, हा प्रश्न तुम्ही कालच विचारायला हवा होता. त्यासाठीच वायरीच्या टोकात तांदळाएवढा रेझिस्टर बसवलेला असतो. अंगातली वीज तो झिरपू देतो, पण जीव जाईल एवढी वीज त्यातून जात नाही. तो असता तर याला नुसता झटका बसला असता."

त्यांनी मीटरच्या दोन कांड्या वायरीच्या दोन टोकांना लावल्या. मीटर पीं करून ओरडला आणि ओरडतच राहिला. रेझिस्टर काढून टाकून तिथं साधी तार जोडलेली होती.

मग बाईंनी कॅबिनेटची पॉवर केबल ओढून प्लग उघडला. आतल्या फेजच्या आणि अर्थिंगच्या तारा एकमेकींच्या जागी होत्या. स्वीच दाबला की मशीन सुरूच होणार नाही, मात्र कॅबिनेटच्या सगळ्या पत्र्यात फेज उतरणार. मशीन का सुरू होत नाही म्हणून कुणीही आधी कॅबिनेटलाच हात लावेल. ऋषिराजनं तेच केलं.

वृषालीबाईंनी मीटर बंद केला. "अपघात लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या. "या माणसाला त्याच्याच पट्ट्यानं बांधून मारलंय."

२

खून म्हटल्यावर फौजदारांची घरी जायची घाई गेली आणि दुसरीच सुरू झाली. त्यांना आरोपी समोरच दिसत होता.

दुकानात एक रजिस्टर होतं. सकाळी आल्याबरोबर प्रत्येकानं आपला पट्टा टेस्टरवर तपासायचा, हिरवा दिवा लागला की वेळ टाकून सही करायची. ऋषिराजनं चार वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. मंगळवारची सही होती दहा वाजून पाच मिनिटांची. म्हणजे तोवर पट्टा चांगला होता. सव्वादहाला तो पट्टा खिळ्याला अडकवून शेजारच्या रसवंतीवर अर्धा ग्लास रस प्यायला गेला, हाही रोजचाच नेम. साडेदहाला परत येऊन त्यानं पट्टा बांधला. वायरीत फेरफार झाला तो त्या पंधरा मिनिटांत, आणि तेव्हा दुकानात एकटी श्रेया होती.

"कारण पण हाय," फौजदार म्हणाले. "इंदापूरच्या ऑनलाइन परीक्षा केंद्राला यांनी चाळीस मशीन दिली. भर पेपरात त्यातली बावीस काळी पडली. चौकशी लागलीय. ऋषिराजचे दाजी सुयोग गलांडे सांगतात, ती सगळी मशीन ह्या पोरीनं बिनपट्ट्याची जोडली. ऋषिराज आज तसं लेखी देणार होता. पोरगी आयुष्यातनं उठली असती. संध्याकाळी सातला हिला नेतो."

श्रेया बाकावर बसली होती. कळंबची पोर, बावीस वर्षांची, घरातली पहिली पगार आणणारी. रडून रडून डोळे सुजले होते, पण बोलणं जागेवर होतं.

"ती मशीन मी बघितली बी न्हाईत, मॅडम. दाजींच्या इंदापूरच्या दुकानात जोडली ती. सोमवारी दादा फोनवर कुणाला तरी म्हणत व्हते, 'रजिस्टरातल्या सह्या खोट्या हायत, मी लेखी देणार.' मला बघितलं आन् दार लावून घेतलं."

वृषालीबाईंनी मेलेल्या माणसाच्या पट्ट्याची वायर तिच्यापुढे धरली. "ही ओळखतेस?"

"ही दादाची न्हाय." ती लगेच म्हणाली. "दादाची वायर वापरून वापरून ढिली पडली व्हती, टेबलाखाली लोंबायची. ही तर पाकिटातनं काढल्यासारखी हाय."

खरंच, वेटोळी घट्ट होती. बाईंनी श्रेयाचा पट्टा बघायला मागितला. त्याच्यावर हळदीकुंकवाचे पुसट डाग होते.

"खंडेनवमीचे," श्रेया म्हणाली. "स्वरूपाताई, म्हंजे दादांची थोरली बहीण, माहेरी आल्या व्हत्या. त्यांनी समद्या हत्यारांची पूजा केली. स्क्रूड्रायव्हर बी सोडले न्हाईत. हळद काय जाता जाईना."

बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. श्रेयाची नजर हलली नाही. ती गडबडली नाही की जास्तीचं काही बोलली नाही. असं माणूस बाईंना क्वचित भेटायचं, आणि अशाच माणसाला संध्याकाळी सातला बेड्या पडणार होत्या.

३

आतल्या खोलीचं दार मागच्या परसात उघडत होतं. परसातून एक अरुंद बोळ थेट रस्त्यावर, रसवंतीच्या अंगाला निघायचा. परसाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा. कोळसा आणि मीठ भरून आत पाइप पुरलेला, तोंडाशी विटांची चौकट.

खड्ड्याच्या तोंडावर काळ्या मुंग्यांचं रिंगण होतं. विटांवर मिठाचा पांढरा थर वाळला होता आणि त्या मिठावर मुंग्या झुंबडल्या होत्या. मीठ खायला मुंग्या कधी गोळा होत नाहीत. वृषालीबाई उकिडव्या बसून कितीतरी वेळ त्या मुंग्या बघत राहिल्या.

"खड्ड्यात पाणी कोण घालतं?"

"मीच," श्रेया म्हणाली. "उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग धरत न्हाय. आधी रोज सकाळी घालायची. पण पंधरा दिवस झालं, नळाला दिवसाआड संध्याकाळी पाणी येतंय. म्हणून आता संध्याकाळी दोन बादल्या घालते, मूठभर खडेमीठ टाकून. सोमवारी घातलं व्हतं. वरनं उन्हानं वाळतं, पण आत चार दिवस वल राहती."

"आणि गूळ, साखर असलं काही?"

"न्हाय वो. गूळ कशाला घालीन?"

रसवंती मोहनराव आणि चंद्राबाई या नवराबायकोची. दुकानाचा गाळाही त्यांचाच, आणि मोहनरावांना तो रिकामा हवा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"व्हय, म्हणलो व्हतो," मोहनरावांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "म्हणलो व्हतो, ऋषी, एक दिवस ही वीज तुला खाईल. पण ते बोलन्यापुरतं. आमच्या मांडीवर वाढलेलं पोरगं ते."

"खड्ड्यात पाणी कधी घालतात, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत नसंल तर काय. दिसाआड सांजच्याला ही पोरगी बोळात राडा करती. कालपरवा घसरून पडलो. सोमवारी तिला चार शब्द बोललो बी."

चंद्राबाई घुंगरू लावलेला चरक पुसत होत्या. त्यांच्या मनात वेगळंच खदखदत होतं.

"माझं कुनी ऐकतंय का? मंगळवारी सकाळी माझी गिलास विसळायची बादली रिकामी केली कुनीतरी. नळाला पानी नव्हतं त्या दिशी. दहाच्या आतच पंधरा-वीस गिलास विसळून झाले व्हते. मी आत लिंबू आनाया गेले, येऊन बघते तर बादली बोळाच्या तोंडाशी, रिकामी. मी ह्यांच्यावर वराडले."

"मी न्हाय केली," मोहनराव म्हणाले.

"ते कळलं मला," चंद्राबाई म्हणाल्या. "तुमी कवा बादली उचलली हाय?"

वृषालीबाईंनी बोळाकडे पाहिलं. उसाच्या रसाचं विसळण, आणि त्यावर आलेल्या मुंग्या. मंगळवारी दहाच्या सुमाराला कुणीतरी त्या बोळातून गेलं होतं, खड्ड्याला पाणी पाजलं होतं, आणि मग परसात दबा धरून ऋषिराज रस प्यायला बाहेर पडायची वाट बघत बसलं होतं.

४

इंदापूरला जाताना त्यांनी हवालदाराला सोबत घेतलं. दुकान नवं होतं, काच, एसी, भिंतीवर आरसे. जमिनीवर नायलॉनचा लाल गालिचा. सुयोग गलांडेनं खुर्ची पुढे केली. गोरा, तरतरीत, बोलायला गोड. दोन दिवस दाढी केली नव्हती, ती दुःखानं असेल किंवा दुःख दिसावं म्हणून असेल.

"ऋषी माझा मेव्हणा नव्हता, भाऊ होता," तो म्हणाला. "त्या पोरीला मी सांगत होतो, ठेवू नको."

"तुम्ही मंगळवारी सकाळी कुठं होता?"

"घरी. अकरापर्यंत. स्वरूपाला विचारा, तिनं पोलिसांना सांगितलंय. बारामतीला तर मी महिनाभरात पाऊल टाकलं नाही. हे परीक्षा केंद्राचं लचांड मागं होतं ना."

बाई गालिच्यावरून चालत कपाटापाशी गेल्या. कडीला हात लावला तर चट्‌ करून ठिणगी उडाली आणि बोटाला चटका बसला. त्या बोट चोळत उभ्या राहिल्या. जो माणूस अंगातल्या विजेला भितो, तो असल्या गालिच्यावर मदरबोर्ड उघडत नाही. कपाटाच्या वर मदरबोर्डची रिकामी खोकी रचून ठेवलेली होती. त्यांनी मनातल्या मनात मोजली. चाळीस.

"मशीन कुठं जोडली म्हणालात?"

"बारामतीला. खोकी मी इथं आणून ठेवली. वॉरंटीला लागतात."

उत्तर तयार होतं. टेबलाशेजारी खिळ्याला एक निळा पट्टा लोंबत होता. त्याची वायर ढिली होऊन जवळजवळ जमिनीला टेकली होती.

"तुम्हीही पट्टा वापरता वाटतं. किती वर्षं झाली या पट्ट्याला?"

"वर्षं कसली? संक्रांतीला दुकान उघडलं, तेव्हा पाकीट फोडून नवा काढला. रोज वापरतो. रजिस्टर बघा ना."

वृषालीबाईंनी रजिस्टर पाहिलं नाही. त्यांनी वायर हातात घेतली, मीटर लावला. मीटर ओरडला नाही, आत रेझिस्टर जागेवर होता. मग त्यांनी वायर दोन्ही हातांनी हळूच ताणली. वेटोळी एकमेकांपासून सुटली, आणि त्यांच्या मधल्या खाचांत बाईंना जे दिसलं, ते बघून त्यांनी वायर पुन्हा सैल सोडली.

"हा पट्टा घेऊन जाते," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्हीही चला. स्वरूपाताईंना दुकानावर बोलावलंय, त्यांना आधार होईल."

सुयोग गाडीत बसला. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला. "मॅडम, वायरीत काही दोष आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वायर अगदी चांगली आहे."

५

साडेसहाला दुकानामागच्या परसात सगळे जमले. फौजदार घड्याळ बघत होते. श्रेया भिंतीला टेकून उभी. स्वरूपा सुतकातून उठून आलेली, डोक्यावरून पदर, पायरीवर बसलेली. सुयोग तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. मोहनराव आणि चंद्राबाई बोळात.

"ज्यानं हे केलं त्याला तीन गोष्टी करायच्या होत्या," वृषालीबाई म्हणाल्या. "प्लगातल्या तारा बदलायच्या, पट्ट्याची वायर बदलायची, आणि हा खड्डा ओला करायचा. खड्डा कोरडा असता तर अर्थिंग धरलं नसतं आणि ऋषिराज वाचला असता. मंगळवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं, म्हणून त्यानं चंद्राबाईंची बादली ओतली. रसाचं पाणी. मुंग्या त्यालाच आल्यात."

"हे ह्या पोरीला बी जमलं असतं," फौजदार म्हणाले.

"जमलं असतं, पण तिला गरजच नव्हती. सोमवारी संध्याकाळी तिनं स्वतःच दोन बादल्या घातल्या होत्या. खड्डा आतून ओला आहे, हे तिला ठाऊक होतं. मोहनरावांना ठाऊक होतं, ते त्याच पाण्यात घसरले होते आणि सोमवारी तिला बोलले होते. ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानंच ओल्या खड्ड्यात पुन्हा पाणी घातलं. त्याच्या डोक्यात पाणी घालायची वेळ अजून सकाळचीच होती. वरून वाळलेला खड्डा दिसला आणि त्याला वाटलं, आज कुणी पाणी घातलंच नाही. पंधरा दिवसांपूर्वी वेळ बदलली, तेव्हा तो इथं नव्हता. पण त्याआधीची इथली सगळी रीत त्याला तोंडपाठ होती."

सुयोगनं स्वरूपाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"महिनाभर बारामतीला आलो नाही, असं तुम्हीच म्हणालात," बाई त्याच्याकडे वळल्या. "ती मशीन तुमच्याच गालिच्यावर बिनपट्ट्याची जोडली, आणि रजिस्टरातल्या खोट्या सह्यांचं ऋषिराज आज लेखी देणार होता."

"मॅडम, हा सगळा अंदाज झाला. मी घरी होतो. माझी बायको सांगेल."

"सांगतील. त्याआधी त्यांना एवढंच दाखवते." बाईंनी पिशवीतून इंदापूरची वायर काढून स्वरूपाच्या मांडीवर ठेवली. "हा तुमच्या मिस्टरांचा पट्टा. संक्रांतीला पाकीट फोडून नवा काढला, असं ते म्हणतात. जरा ताणून बघा."

स्वरूपानं वायर ताणली. वेटोळ्यांच्या खाचांत, जिथं फडकं पोचत नाही आणि पुसणाऱ्याची नजरही पोचत नाही, तिथं पिवळा रंग बसला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

ती बघत राहिली. मग तिनं अंगठ्याचं नख त्या खाचेत घातलं आणि नख नाकाशी नेलं.

"हळद," ती म्हणाली. "नुसती हळद हाय. कुंकू न्हाय."

"श्रेयाच्या पट्ट्यावर दोन्ही आहे," बाई म्हणाल्या.

"समद्यांना दोन्ही लावलं व्हतं. ऋषी मला म्हणला, ताई, माझ्या वायरीला कुंकू नको, कपड्याला डाग पडत्याल. म्हणून त्याला मी नुसती हळद लावली. वायर ताणून आत दाबून दाबून लावली. म्हणलं, पुसली तरी आत राहील. भावाचं हत्यार हाय." तिनं वायर मुठीत आवळली. "ही ऋषीची वायर हाय. ही इंदापूरला कशी गेली?"

"स्वरूपा, अगं, जुना पट्टा असेल, कधीतरी त्यानंच दिला असेल..."

"नवा काढला म्हणून मॅडमना सांगितलं न्हवं तुमी?"

आपल्या वायरीतला रेझिस्टर काढून ती वायर ऋषिराजच्या पट्ट्याला लावताना सुयोगला सगळं सुचलं होतं. मोकळी झालेली चांगली वायर फेकून द्यायची मात्र सुचली नाही. चौकशीवाले येणार होते, खिळ्याला पट्टा लोंबताना दिसायला हवा होता.

स्वरूपानं मान वर केली नाही. खाली बघूनच ती बोलली.

"मंगळवारी सकाळी सातला हे गाडी घेऊन बाहेर पडले. बाराला आले. ऋषीचा फोन आला तवा... म्हंजे, ऋषी गेल्याचा फोन आला, तवा मला म्हणले, पोलीस इचारतील, उगा झंझट नको, घरीच व्हतो म्हण. मी म्हणलं. दोन दिवस झाले, मी आईच्या शेजारी बसून तेच म्हणतीया."

फौजदारांनी हवालदाराला खूण केली. सुयोग पळाला नाही, ओरडलाही नाही. बोळातून जाताना त्यानं एकदाच वळून पाहिलं, तेही बायकोकडे नाही, खड्ड्याकडे.

फौजदार श्रेयासमोर येऊन उभे राहिले. "जा घरी, पोरी," एवढंच म्हणाले.

पण ती गेली नाही. सात वाजले, परसातल्या नळाला घरघर करून पाणी आलं. श्रेया सवयीनं पुढं झाली, बादली नळाखाली लावली, मिठाच्या पोत्यात हात घातला, आणि तिथंच थांबली. मूठ तिच्यानं उघडवेना. कुणासाठी पाणी घालायचं, तेच तिला कळेना झालं.

स्वरूपा पायरीवरून उठली. भावाची वायर तिनं आपल्या मनगटाला गुंडाळली होती. ती नळापाशी आली.

"दे हिकडं," ती म्हणाली.

तिनं श्रेयाच्या मुठीतलं मीठ आपल्या हातात घेतलं, खड्ड्यात टाकलं आणि भरलेली बादली त्याच्यावर ओतली. मुंग्या थोडा वेळ पाण्यावर तरंगत राहिल्या, मग पाण्याबरोबर आत गेल्या.